विहिरीत अडकलेली गोष्ट

दामिनीबद्दल लोक जे जे विचारतात त्याची उत्तरं आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढे कुणी मध्ये बोलणार नाही. हो, तिचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. ती पायाला कॅलिपर बांधते आणि काखेत कुबडी घेते. हो, ती जन्मली तेव्हा बार्शीटाकळीच्या सुइणीने 'मुलगा झाला' म्हणून साखर वाटायला लावली होती. सुइणीचा अंदाज साफ चुकला होता, पण ते घरच्यांच्या गळी उतरायला पुढची अर्धी जिंदगी गेली. हो, तिचं आधीचं नाव मला माहीत आहे. नाही, सांगणार नाही. झालं? आता कामाचं बोलू.

दामिनी अकोल्याला जठारपेठेत सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे एका खोलीत राहते आणि महालक्ष्म्यांचे मुखवटे रंगवते. आमच्या वऱ्हाडात भाद्रपदात घरोघरी दोघी बहिणी येतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. साड्या दरवर्षी नव्या, पण चेहरे सासूच्या सासूपासून चालत आलेले. आमच्या घरच्यांचा रंग इतका उडाला होता की दोघींना गजकर्ण झालंय असं वाटायचं. मी त्यांना टॉवेलात गुंडाळून अमरावतीहून अकोल्याला नेलं.

दामिनीने आधी पायातलं कॅलिपर सोडलं, जमिनीवर उभं केलं आणि त्याच्या दोन लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये ज्येष्ठेचं तोंड अडकवलं. हलेना की डुलेना.

"डॉक्टरनं माह्या पायासाठी देल्लं होतं, काकू," ती म्हणाली. "पन पायापेक्षा देवीलेच बराबर बसते."

मी म्हटलं, किती वेळ लागेल? मला परतीची गाडी आहे.

"डोये शेवटी असतात. घाईत डोये काढले का देवी सालभर तुमच्याकडं तिरपी पाह्यते. मंग मले फोन नोका करू."

मी बसले. बसल्याबसल्या भिंतींकडे पाहिलं आणि गाडी विसरले.

भिंतीवर तिची चित्रं होती, चादरीएवढी मोठमोठी, फ्लेक्सच्या मागच्या बाजूला रंगवलेली. चौकाचौकांत पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात ना, वाढदिवस उलटला की ते फाटत, लोंबत राहतात. दामिनी ते उचलून आणते. मागची बाजू पांढरी, कोरी, पावसाने न भिजणारी. एका अंगाला हार्दिक शुभेच्छा, दुसऱ्या अंगाला दामिनी. ती गोष्टी रचते, स्वतःच्या मनाच्या. प्रत्येक गोष्टीची चित्रं काढते, आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमटे लावून एकेक चित्र चढवत गोष्ट सांगते.

त्या दिवशी भिंतीवर होती ती विहिरीची गोष्ट. एका माळ्याची लंगडी मुलगी. तिची कुबडी मळ्यातल्या विहिरीत पडते. बाप ती काढायला उतरतो, त्याचा पाय घसरतो. कुबडी वर येते, बाप येत नाही. चौथ्या चित्रात पाण्यावर तरंगणारी टोपी आणि पाण्याबाहेर आलेला एक हात. बाप पाणी मागतोय.

"विहिरीत पडलेला माणूस पाणी कशाला मागेल?" मी विचारलं.

"मरनाऱ्यानं पानी मांगतलं का लोकायले बरं वाटते, काकू."

"तुझे वडील असे गेले?"

"कायले जाते. वांगे तोडून राह्यले असतील आत्ता बार्शीटाकळीले. गोष्ट हाये ते."

मग तिने कोपऱ्यातून आणखी चार चित्रं काढली आणि मरणाच्या पुढची गोष्ट सांगितली. मी इतकी हसले की कनिष्ठेच्या भुवईला धक्का लागला आणि ती पुन्हा काढावी लागली. "ही चार भिंतीवर का नाहीत?" असं विचारल्यावर दामिनी म्हणाली, "हे अजून कोनी पाह्यले नाहीत. इथपर्यंत मले कोनी येऊच देत नाही."

त्याचं कारण उत्तमराव.

उत्तमराव मोठे सेवानिवृत्त अधिकारी. त्यांचं एक प्रतिष्ठान आहे आणि ते प्रतिष्ठान सत्कार करतं. दुसरं काही करत नाही. माणूस मनाने वाईट नाही, पण शाल हातात आली की कुणाच्या तरी खांद्यावर गेल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. दामिनी सापडली तेव्हा त्यांना हर्षच झाला. दिव्यांगही, तृतीयपंथीही आणि वर कलावंतही. एका शालीत तीन कामं. अकोल्याच्या पहिल्या कार्यक्रमात त्यांनी माईकवरून सांगितलं, "आता दामिनीताई आपल्या जीवनाची संघर्षकथा सांगतील."

"संघर्ष नाही साहेब, गोष्ट हाये," दामिनी म्हणाली. पण माईक उत्तमरावांच्या हातात होता.

चौथं चित्र दोरीवर चढलं आणि सभागृह रडायला लागलं. बाया रडल्या, बाप्ये रडले, उत्तमराव रडत रडतच उठले आणि शाल घेऊन आले. शाल खांद्यावर, नारळ हातात. आता तुम्हीच सांगा, एका हातात कुबडी, दुसऱ्या हातात नारळ, मग पाचवं चित्र दोरीला लावायचं कशाने? ती काही म्हणेपर्यंत आभारप्रदर्शन झालं, राष्ट्रगीत झालं. राष्ट्रगीतानंतर गोष्ट पुढे नेता येत नाही.

तेच मूर्तिजापूरला झालं. तेच अकोटला, दर्यापूरला. प्रत्येक ठिकाणी बाप मेला की शाल. दामिनीने शालींची गादी शिवली. "लय ऊबदार झोप लागते," ती म्हणायची, "पन माहा बाप विहिरीतच अटकून राह्यला, काकू. वर आनूच देत नाही कोनी."

मी तिथल्या तिथे ठरवलं. आमच्या राजापेठेतल्या बायकांच्या वाचन मंडळाचं दरवर्षी कथाकथन असतं. मी तिला कथाकार म्हणून बोलावलं. ताई नाही, संघर्ष नाही, कथाकार. तिने कुंचला उचलला. ज्येष्ठेचे डोळे तिने त्यानंतर काढले आणि ते असे उतरले आहेत की आमची सून म्हणते, देवी अगदी तुमच्यासारखी वटारून पाहते. मला तर त्यात काही खोट दिसत नाही.

इकडे दर्यापूरच्या सत्काराला दामिनीच्या मामाची विहीण बसली होती. तिने घरी जाऊन सांगितलं. मामा म्हणजे शालिकराम. या शालिकरामाने कुठल्यातरी लग्नात मान मिळाला नाही म्हणून बहिणीचा उंबरा सोडला होता. पण मेहुणा गेला म्हटल्यावर जायलाच हवं. आमच्याकडे बहिणीचं कुंकू पुसलं की भाऊ दुखवट्याचं लुगडं घेऊन जातो, आणि घरातल्या कर्त्या पुरुषाला टोपी-दुपट्टा. शालिकराम दोन्ही घेऊन बार्शीटाकळीला उतरला. रीतीप्रमाणे त्याने फाटकापासूनच गळा काढला. अंगणात वामनराव उभे होते, दामिनीचे वडील, डोक्यावर वांग्यांचं टोपलं. हा सगळा प्रसंग मला दामिनीच्या आईने, पार्बताबाईने सांगितला; ती सांगते तसाच देते.

"रडून काहून राह्यला? कोन गेलं?" वामनरावांनी विचारलं.

"तुमी, भाऊजी."

"कवा?"

"विहिरीत पडले म्हने."

वामनरावांनी टोपलं खाली ठेवलं. "कोनत्या? आपल्या?"

"दामिनीनं सांगतलं म्हने भर सभेत. चित्र बी दाखोलं."

एवढ्यात पार्बताबाई बाहेर आली. भावाच्या हातातला पुडा घेतला, सोडला, लुगडं उलटंपालटं करून पाहिलं. "रंग बरा हाये."

"ताई, ते दुखवट्याचं हाये."

"असू दे ना. हे जिते असताना तू कवा आनलं असतं?"

वामनरावांनी टोपी घालून पाहिली. बरोबर बसली. दुपट्ट्याने त्यांनी तोंड पुसलं आणि शालिकरामासाठी चहा ठेवायला सांगितला.

मग त्यांनी फोन लावला. इथे एक गोष्ट सांगायला हवी. वामनराव मुलीला नावाने हाक मारत नाहीत. जुनं नाव घेतलं की ती फोन ठेवते आणि नवं नाव त्यांच्या तोंडात यायला तयार नाही. म्हणून त्यांनी मधली वाट काढली आहे. ते तिला 'अकोला' म्हणतात. अकोल्याचा फोन आला का, अकोला जेवली का, अकोल्यासाठी दोन वांगी बाजूला काढ. भांडण नाही, अबोला नाही. फक्त नाव नाही.

"अकोला का? मी मेलो म्हने."

"गोष्टीत, बाबा."

"मले इचारलं नाही."

"गोष्टीत इचारत नसतात."

"पुढचा कारेक्रम कुठी हाये?"

"अमरावतीले."

"येतो," म्हणाले आणि ठेवला.

लगेच दामिनीचा मला फोन. "काकू, मी बिमार हाये असं सांगून टाका सगळ्यायले."

"बिमार आहेस?"

"होईन."

"मग झाल्यावर सांग," म्हणून मीही ठेवला. घाबरलेल्या माणसाशी फार बोलू नये, तो आणखी घाबरतो.

कथाकथनाच्या दिवशी हॉलवर पोचले तर दारात उत्तमराव. त्यांना मी बोलावलं नव्हतं. मंडळाच्या बाकीच्या बायांनी परस्पर अध्यक्षपद देऊन टाकलं होतं, कारण माईक आणि भोंगे त्यांचे. काखेत शाल, पिशवीत नारळ, चेहरा लाल.

"वच्छलाताई, तिचे वडील जिवंत आहेत."

"अभिनंदन," मी म्हटलं.

"थट्टा नको. मी चार गावी रडलोय. समाजाची फसवणूक आहे ही."

"गोष्ट आहे, असं ती पहिल्या दिवसापासून सांगतेय. माईक तुमच्या हातात होता."

"ते मला माहीत नाही. तिने मंचावरून माफी मागावी आणि तिचा खरा संघर्ष सांगावा. नाहीतर मी माईक बंद करतो. आणि या दोन जिल्ह्यांत यापुढे तिला कुठला मंच मिळतो, तेही पाहतो."

दामिनी मागेच उभी होती, फ्लेक्सची गुंडाळी पाठीला बांधून. तिचा चेहरा उतरला होता. मुखवटे वर्षातून एकदाच रंगतात. बाकीचं वर्ष ती या गोष्टींवर जगते, आणि मी पोटाबद्दल बोलत नाहीये. ती कुबडी पुढे टेकवत उत्तमरावांच्या अगदी जवळ आली.

"माहा खरा संघर्ष सांगू का, साहेब? मले गोष्ट पुरी करू देत नाही कोनी."

"म्हणजे?"

"बाप मरते तवाच तुमी शाल घेऊन येता. तो पुढं बोलनार असते."

उत्तमरावांना कळलं नाही. कळेल असं मलाही वाटलं नव्हतं. मी त्यांच्या काखेतली शाल काढून घेतली, पहिल्या रांगेतल्या माझ्या खुर्चीवर अंथरली आणि वर बसले. नारळ पायाखाली घेतला. "माईक ठेवा बंद," मी म्हटलं, "हॉल लहान आहे. शाल लागली तर मला उठवा." माझं वजन त्यांना दिसतच होतं.

माईक बंद राहिला. उत्तमराव अध्यक्षाच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले. दामिनीने दोरी बांधली आणि पहिलं चित्र लावलं. तेवढ्यात दारातून पार्बताबाई आली, दुखवट्याचं लुगडं नेसून. मागून वामनराव, डोक्यावर दुखवट्याची टोपी, हातात वांग्यांची पिशवी. पुढच्याच रांगेत, माझ्या शेजारी येऊन बसले. दामिनीच्या हातातला चिमटा खाली पडला. तो उचलायला कुबडी टेकवून वाकण्यात बराच वेळ गेला.

तिने सुरुवात केली. आवाज आधी बारीक होता. माळ्याची पोर, मळा, विहीर. दुसऱ्या चित्रात कुबडी विहिरीत पडली. तिसऱ्यात बाप पदर खोचल्यासारखं धोतर खोचून उतरायला लागला.

"थांब," वामनराव म्हणाले.

दामिनी थांबली.

"कुबडी कायची हाये?"

"लाकडाची, बाबा."

"लाकूड बुडते का?"

दामिनीने हातातल्या कुबडीकडे पाहिलं.

"तरंगते ना? मंग मी खाली काहून उतरून राह्यलो? वरूनच बादली सोडून काढली असती."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. उत्तमरावांनी मान वळवून पाहिलं.

"आनि मले पोहता येते," वामनराव म्हणाले.

"गोष्टीतल्या बापाले येत नाही."

"काहून नाही येत? कोनाचा बाप हाये तो?"

"बाबा," दामिनी म्हणाली, आणि तिचा आवाज आता नेहमीचा, जठारपेठेतला झाला, "तुमी मरा ना बापा लवकर. पुढं लय काम हाये तुमचं."

हॉल हसला. वामनराव मागे टेकले. "मर म्हनते त मरतो," ते मला म्हणाले. "पन पटलं नाही."

चौथं चित्र चढलं. टोपी तरंगली, हात वर आला. सवय वाईट असते. उत्तमराव अर्धे उठले, हात शालीसाठी पुढे गेला. शाल माझ्याखाली होती. ते परत बसले. आणि दामिनीने, इतक्या गावांच्या इतक्या सभांनंतर पहिल्यांदाच, पाचवं चित्र दोरीवर लावलं.

त्याच क्षणी पंख्याच्या वाऱ्याने ते फडफडलं आणि उलटलं. मागच्या अंगाला फ्लेक्सवरचे उत्तमराव होते, दोन्ही हात जोडलेले, कपाळाला टिळा, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.

"हे कोन? हे बी विहिरीत पडले का?" वामनरावांनी विचारलं.

आता मात्र हॉल आवरेना. दामिनी घाईघाईने चित्र सुलटं करायला गेली तर ते पुन्हा उलटलं. उत्तमराव चष्मा सारखा करून स्वतःकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता उठून जातील. ते म्हणाले, "तो फोटो जुना आहे. तेव्हा केस होते." मग स्वतःच उठले, मंचावर गेले, आणि फ्लेक्सचं खालचं टोक हाताने धरून उभे राहिले, उलटू नये म्हणून. पुढची सगळी गोष्ट त्यांनी तशीच धरून ठेवली, एकामागून एक चारही चित्रं.

पुढची गोष्ट अशी. बाप मेला, पण विहिरीतून गेला नाही. मळा सोडून जाणार कुठे? तो तळाशी बसतो आणि वर कोण पाणी ओढतंय ते दोराच्या हिसक्यावरून ओळखतो. सरपंचीणबाईंनी बादली टाकली की खालून आवाज, "हळू ओढ वं, दोर माह्या पैशाचा हाये." नवी सून आली की तो तिला सासूची जुनी लफडी सांगतो. सासू आली की सुनेची. गावात पाणी कमी आणि बातम्या जास्त भरल्या जायला लागतात. लोक बादलीत प्रश्न सोडतात, पोराला नोकरी लागेल का, म्हैस कधी विणार. एक साहेब विहीर बुजवायला येतो. बाप खालून त्याला त्याच्या बदलीचं गाव सांगतो आणि साहेब जीप न घेताच पळतो. सगळ्या गावाची बापाशी बोलणी होतात. फक्त लंगडी पोर येत नाही. एका हातात कुबडी धरून बादली कशी ओढायची?

आठव्या चित्रात ती येते. कुबडी बाजूला टाकते, विहिरीच्या काठावर बसते आणि बादली सोडून दोन्ही हातांनी ओढायला लागते. अख्खं गाव तिला दुसऱ्याच नावाने हाक मारतं. बापाला वरचं काही दिसत नाही, फक्त दोराचा हिसका कळतो. खालून आवाज येतो, "दामिनी, मांगं सरक. पडशील."

एवढीच गोष्ट. दामिनीने चिमटा लावला आणि उभी राहिली.

टाळ्या लगेच आल्या नाहीत, कारण सगळे वामनरावांकडे पाहत होते. वामनरावांनी टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.

"कुबडीचं बदल," ते म्हणाले. "मरताना पानी मांगतलं तेही बदल, विहिरीत बसून पानी कोन मांगते. सरपंचीनबाईचा चेहरा बदल, ओयखू येते."

"आनि शेवट?" दामिनीने विचारलं.

वामनरावांनी वांग्यांची पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर ठेवली.

"शेवट राहू दे," ते म्हणाले. "मांगं सरक असंच म्हन्तो मी."

मग टाळ्या आल्या. पार्बताबाई लुगड्याच्या पदराने नाक पुसत होती आणि शेजारच्या बाईला सांगत होती की लुगडं भावाने आणलं, हेच निमित्त झालं.

उत्तमरावांनी आठवं चित्र सोडलं. त्यांचे हात अवघडले होते. ते दामिनीला म्हणाले, "पुढच्या महिन्यात मूर्तिजापूरला पुन्हा ठेवू. ही सगळी."

"आठही चित्रं?"

"आठही."

"आनि शाल?"

"शेवटी," ते म्हणाले. मग हात चोळत, "पाचव्या चित्राचा फ्लेक्स तेवढा बदलता आला तर पाहा. तो केस असलेला नको."

"तुमचे सगळे तसेच असतात साहेब," दामिनी म्हणाली. "तुमचेच त जास्ती भेटतात चौकात."

दामिनी त्या रात्री माझ्याकडेच राहिली. शाल मी तिला दिली नाही, नारळ फोडून चटणी केली. सकाळी ती चित्रं गुंडाळत बसली होती आणि तिचा फोन बंद पडून चार्जिंगला लावलेला होता, तेवढ्यात माझा वाजला. पलीकडे वामनराव.

"दामिनी उठली का?"

"उठली."

"मंग तिले सांगा, कुबडी लोखंडाची कर म्हना. लोखंड बुडते."

मी निरोप दिला. जसा आला तसा, पहिल्या शब्दापासून.